ऑरेंजमधला 'न' कुठे गेला?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच शब्दावर निघाली: ऑरेंज. संत्र्याच्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचा, माल बाजारात उतरलाय, नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या लागल्यात, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे फोनवर फिरणारा एक मेसेज. तो मलाच सहा जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझे जुने विद्यार्थी, म्हणजे दोष कुठेतरी माझ्याकडेही येतो. म्हणून या वेळी बाकीचे शब्द बाजूला ठेवते.

प्रश्न : बाई, आमच्या ग्रुपवर आलेला मेसेज असा आहे : "ऑरेंज हा शब्द संस्कृत 'नागरंग'वरून आला. नागरंग म्हणजे नागपूरचा रंग. अभिमान असेल तर पुढे पाठवा." यावरून घरात भांडण झालंय. खरं काय? (महाल, नागपूर)

पुढे पाठवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मेसेजचा पहिला अर्धा भाग जवळजवळ बरोबर आहे. पंचाईत तीच. धडधडीत खोटं असतं तर कोणीही ओळखलं असतं. संस्कृतात या फळाला नारंग म्हणतात आणि नागरंगही म्हणतात, दोन्ही रूपं आहेत. चरकसंहितेत नागरंगाचे गुणदोष सांगताना ते रुचकर आहे पण पचायला जड, असं म्हटलंय. (हे वाचल्यावर मी भावजींना दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, त्यांनी एका बैठकीत बारा खाल्ले असतील." भावजींची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. पुढे त्यांचा उल्लेख येतच राहणार.)

पण नागरंगातला नाग नागपूरचा कसा असेल? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने नाग नदीकाठच्या वस्त्या जोडून हे शहर वसवलं ते १७०२ साली. इंग्रजीत ऑरेंज हा शब्द १४व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला सापडतो. म्हणजे आपलं शहर कागदावर यायच्या तीनशे वर्षं आधी इंग्लंडात लोक ऑरेंज म्हणत होते. संत्र्याचं झाड तर नागपुरात त्याहून उशिरा आलं. भोसल्यांनी १८व्या शतकात औरंगाबादकडून कलमं आणून सीताबर्डीच्या आपल्या बागेत लावली, असं सांगतात. म्हणजे चरकाचा नागरंग आपल्या संत्र्याला ओळखतही नव्हता.

नारंग तरी संस्कृतात कुठून आला? बहुतेक अभ्यासक दक्षिणेकडे बोट दाखवतात, द्राविडी भाषांकडे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते भाजीच्या गाडीवर. आमच्या शेजारी एक मल्याळी ताई राहतात. एकदा गाडीवरून लिंबं निवडता निवडता त्या फोनवर आईशी बोलत होत्या आणि मधूनच 'नारङ्ङ, नारङ्ङ' ऐकू येत होतं. मी म्हटलं, "संत्रे तर आज आलेच नाहीत." त्या हसायला लागल्या. मल्याळीत लिंबालाच नारङ्ङ म्हणतात. संत्र्याबद्दल बोलायचं तर आधी 'मधुर' जोडायचं: मधुरनारङ्ङ, म्हणजे गोड लिंबू. मला तर वाटतं, असाच एखादा दक्षिणी शब्द संस्कृतच्या कानावर पडला आणि कानाला ओळखीचं काहीतरी हवं म्हणून त्यात नाग आणि रंग बसवले गेले. तेव्हाही मेसेज पुढे पाठवणारे असतील.

पुढचा प्रवास पक्का आहे. संस्कृत नारंगाचा फारसीत नारंग झाला, अरबीत नारंज. अरबांनी १०व्या-११व्या शतकाच्या सुमाराला हे झाड सिसिली आणि स्पेनपर्यंत नेलं. पण ते झाड आजच्या गोड संत्र्याचं नव्हे. ते कडू-आंबट नारिंग, लोणच्या-मुरंब्याच्या लायकीचं. स्पेनच्या सेव्हिल शहरात रस्त्याच्या कडेला आजही तीच झाडं आहेत आणि इंग्रजांचा मार्मलेड त्याच फळांचा करतात. स्पॅनिशमध्ये शब्द झाला नारांखा, पोर्तुगीजमध्ये लारांजा, हंगेरियनमध्ये नारांच. इटालियनमध्ये अरांचा झाला आणि इथेच पुढच्या पत्राचा विषय सुरू होतो, कारण या ठिकाणी 'न' गळाला.

प्रश्न : तुम्हीच आम्हाला आठवीत शिकवलं होतं की इंग्रजीत आधी 'अ नॉरेंज' होतं, त्याचं 'अ‍ॅन ऑरेंज' झालं. मी आता तेच माझ्या मुलांना शिकवते. इंटरनेटवर मात्र ते चूक आहे असं वाचलं. (अकोला)

चूक आहे. चूक माझी आहे. मी ही गोष्ट वीस-बावीस वर्षं वर्गात रंगवून सांगितली. फळ्यावर 'अ' लिहायची, त्याला चिकटवून 'नॉरेंज' लिहायची आणि मग डस्टरने 'न' पुसून अलीकडच्या 'अ'ला जोडायची. मुली टाळ्या वाजवायच्या. टाळ्या मिळाल्या की माणूस तपासत नाही.

'न' गळाला हे खरं. पण तो इंग्लंडला पोहोचायच्या आधीच, इटालियन आणि फ्रेंचमध्ये गळून गेला होता. फ्रेंचमध्ये एकासाठी 'ऊन' म्हणतात. 'ऊन' आणि 'नोरांज' एका दमात म्हटलं की मधला 'न' दोघांत वाटला जातो आणि ऐकणाऱ्याला कळत नाही तो कुणाचा. निकाल 'ऊन'च्या बाजूने लागला. सुरुवातीच्या 'आ'चा 'ओ' कसा झाला यावर दोन तर्क आहेत. एक, फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात आणि फळ सोन्यासारखं दिसतं. दुसरा, फ्रान्सच्या दक्षिणेला ओरांज नावाचं गाव आहे, त्याची छाया पडली. दोन्ही तर्क खरे असायलाही हरकत नाही. इंग्रजांच्या हाती शब्द आला तो असा तयार होऊन, साल काढलेला.

मग माझ्या फळ्यावरची गोष्ट अगदीच वाया गेली का? नाही. ऑरेंजच्या जागी दुसरे शब्द ठेवा, ती जशीच्या तशी खरी ठरते. एप्रन हा आधी नेपरन होता, नॅपकिनचा नातेवाईक. 'अ नेपरन'चं 'अ‍ॅन एप्रन' झालं. अ‍ॅडर हा साप जुन्या इंग्रजीत 'नॅड्रे' होता. (नॅड्रे आणि नाग यांचा काही संबंध नाही. कृपया मेसेज तयार करू नका.) माझा सगळ्यात आवडता आहे अंपायर. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत न बसणारा, वरचा, तिसरा. दोघांचं भांडण सोडवायला तिसरा लागतो. त्याचा इंग्रजीत नूम्पेर झाला, 'अ नूम्पेर'चा 'अ‍ॅन ऊम्पेर' झाला आणि आज नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर बोट वर करून उभा असतो तो अंपायर.

उलटही झालंय. न्यूट नावाचा पालीसारखा दिसणारा पाण्यातला प्राणी आधी 'ईव्ट' होता. 'अ‍ॅन'चा 'न' त्याने पळवला. निकनेम आधी एकनेम होतं. यातला एक आपला १ नव्हे. इंग्रजीत 'ईक' म्हणजे जास्तीचं, वरचं. वरचं नाव ते एकनेम.

हे सगळं किती सहज होतं ते मला पहिलीच्या वर्गाने दाखवलं. शेजारच्या शिक्षिका रजेवर होत्या म्हणून एका दिवसासाठी मला तिथे पाठवलं होतं. मी चित्र दाखवून विचारलं, "व्हॉट इज धिस?" अख्खा वर्ग ओरडला, "धिस इज अ‍ॅन अ‍ॅपल!" मग एका चिमुरडीला एकटीला उभं केलं आणि नुसतं फळाचं नाव विचारलं. ती ठामपणे म्हणाली, "नॅपल." तिने आयुष्यात सफरचंद इंग्रजीत कधी एकटं ऐकलंच नव्हतं. शब्द कुठे तुटतो हे तिला कोण सांगणार? इंग्लंडमधल्या ज्या शेतकऱ्याने पहिल्यांदा न्यूट म्हटलं, तो याच चिमुरडीच्या जागी उभा होता. मी तिला चूक म्हटलं नाही. घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

तुमच्या मुलांना आता अंपायरची गोष्ट सांगा. माझी माफी पोचवा.

प्रश्न : माझं रंगाचं दुकान आहे. फळावरून रंगाला नाव पडलं की रंगावरून फळाला? (कामठी)

फळ आधी. रंगाला इंग्रजीत स्वतःचं नावच नव्हतं. जुन्या इंग्रजीत 'यीओलुरेड' असा जोडशब्द होता, म्हणजे पिवळा-लाल. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन "पिवळा-लाल द्या" म्हणालं तर तुम्ही दोन डबे पुढे ठेवाल. इंग्रजांचं तसंच चाललं होतं. रॉबिन नावाच्या छोट्या पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असते, पण इंग्रजीत तिला रेडब्रेस्ट म्हणतात, कारण नाव पडलं तेव्हा ऑरेंज रंग भाषेत नव्हता. १६व्या शतकाच्या सुरुवातीला कापडाच्या वर्णनात हा शब्द रंग म्हणून दिसायला लागतो. फळं दिसायला लागली, मग रंग दिसला.

न्यूटनने काचेच्या लोलकातून प्रकाश पाडून आधी पाच ठळक रंग मोजले होते. नंतर त्यात नारिंगी आणि पारवा घालून सात केले, कारण त्याला सुरांच्या सप्तकाशी जुळवायचं होतं. १७०४च्या त्याच्या 'ऑप्टिक्स'मध्ये सातांची मांडणी आहे. तिथून ती आपल्या शाळेत आली आणि आपण तानापिहिनिपाजा पाठ केलं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. त्यातला दुसरा 'ना' बघा. युरोपात पोहोचता पोहोचता जो 'न' हरवला, तो आपल्याकडे तिसरीतलं पोर रोज घोकतं.

मराठीचं या बाबतीत भाग्य थोर. केशरी केशरावरून, शेंदरी शेंदरावरून, नारिंगी नारिंगावरून. इंग्रजीला एक फळ हजारो मैलांवरून येण्याची वाट बघावी लागली, आणि आपल्याकडे तीन डबे तयार. तुम्ही दुकानात भगवाही ठेवत असाल, पण त्याच्या वाटेला मी जात नाही, या सदराला फार पत्रं येतील.

गंमत अशी की नागपूरचं संत्रं दरवेळी नारिंगी असतंच असं नाही. परवा मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गाडीपाशी उभी होते. ढिगात अर्धे हिरवट. मी नाक मुरडलं तसा गाडीवाला म्हणाला, "मावशी, रंग काय पाहता, हात लावून पाहा न!" त्याने एक उचललं, देठाकडे अंगठा घातला आणि साल एका झटक्यात सदऱ्यासारखी उतरवली. आत दहा फोडी, रसाने टम्म. साल आणि गर यांच्यामध्ये बोट जाईल एवढी पोकळी, ती खास आपल्या संत्र्याची. खाल्लं तर गोड. हिरवं दिसलं तरी पिकलेलं होतं. सालीतलं हिरवं जायला थंड रात्री लागतात, आणि आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरतं तेव्हा नागपूरची थंडी अजून कपाटातच असते. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, त्याने थंडी खाल्लेली असते, म्हणून ते झळकतं. व्यापारी मात्र रंगच मागतो. भावजींची तक्रार ही की इंग्रजांनी फळावरून रंगाला नाव दिलं आणि आता रंगावरून फळाला भाव देतात.

प्रश्न : नेदरलँड्सचे खेळाडू नारिंगी जर्सी घालतात ती संत्र्यामुळे का? (वर्धा)

नाही. मघाशी फ्रान्सच्या दक्षिणेतलं ओरांज गाव आलं ना, त्यामुळे. रोमन काळात त्याचं नाव अराउसिओ होतं. फळाशी त्याचा जन्माचा काही संबंध नाही, झिजत झिजत दोघांचा उच्चार एक झाला एवढंच. त्या छोट्या संस्थानाची गादी १५४४ साली नासाऊच्या विल्यमकडे वारसाने आली. पुढे त्यानेच स्पेनविरुद्ध डचांच्या बंडाचं नेतृत्व केलं. घराण्याचं नाव ओरांज, म्हणून रंग नारिंगी. कोटीवर एक अख्खं राष्ट्र उभं आहे म्हणा ना.

आणि डच लोक संत्र्याला काय म्हणतात? सिनासआपल. म्हणजे चीनचं सफरचंद. रंगाला ओरांये, राजघराण्याला ओरांये, फळ तेवढं चिनी.

तुम्ही वर्ध्याचे, म्हणजे आठवत असेल. २२ फेब्रुवारी २०११ला वर्ल्डकपमध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्सची मॅच आपल्या जामठ्याला होती. रायन टेन डोशाटेने ११९ धावा ठोकल्या आणि डचांनी २९२ केल्या. इंग्लंड जिंकलं, पण घाम फुटला होता. मी टीव्हीवर बघत होते. भर मृग बहारात, संत्र्याच्या शहरात, नारिंगी कपड्यातले अकरा जण, आणि त्यांच्या नारिंगीचा आपल्या संत्र्याशी काडीचा संबंध नाही, हे त्या दिवशी स्टेडियममध्ये कुणाला सांगितलं असतं तर मला बाहेर काढलं असतं.

प्रश्न : आमचा माल बांगलादेशात जातो. एका कागदावर 'नागपूर ऑरेंज' आणि दुसऱ्यावर 'नागपूर मँडरिन' लिहिलेलं असतं. एकाच फळाला दोन नावं कशी? (वरूड)

हे पत्र आलं आणि मी दोन दिवस खूश होते.

शास्त्राच्या भाषेत आपलं संत्रं ऑरेंज नव्हेच. ढिल्या सालीचं, हाताने सोलता येणारं जे फळ, त्याला इंग्रजीत मँडरिन म्हणतात. लॅटिन नाव सिट्रस रेटिक्युलाटा. इंग्रज ज्याला नुसतं ऑरेंज म्हणतात ते घट्ट सालीचं, सुरीने कापायचं, आपल्या मोसंबीच्या घरातलं. आणि ते मँडरिन व पपनस यांच्या संकरातून झालेलं आहे. भावजींना हे सांगितलं तेव्हा ते बांधावर बसले होते. म्हणाले, "म्हणजे आपला संत्रा ऑरेंजचा बाप झाला." वंशावळ पाहता त्यांना खोटं पाडता येत नाही. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ नागपूर मँडरिन म्हणतात. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र नागपूर ऑरेंज या नावाने. म्हणून तुमचे दोन्ही कागद बरोबर आहेत. बाजार ऑरेंज म्हणतो, प्रयोगशाळा मँडरिन.

पण मला खुशी झाली ती मँडरिन या शब्दामुळे. तो चिनी वाटतो की नाही? चीनमधल्या बड्या सरकारी अधिकाऱ्यांना युरोपीय लोक मँडरिन म्हणत. चिनी लोक त्यांना तसं म्हणत नव्हते. हा शब्द पोर्तुगीजांचा, मांदारिम. पोर्तुगीजांनी तो मलायातून उचलला, तिथे मेंतेरी म्हणजे राजाचा सल्लागार. आणि मलाय भाषेत तो गेला संस्कृतातून. मंत्रिन्. आपला मंत्री!

मंत्री मलायाला गेला, तिथून पोर्तुगीज गलबतात चढला, चीनच्या दरबारात बसला. मग १८व्या शतकात चीनमधून आलेल्या या फळाला युरोपात त्याचंच नाव पडलं. बहुधा त्या अधिकाऱ्यांच्या पिवळ्या-नारिंगी झग्यांमुळे. असा चक्कर मारून तो वरूडच्या तुमच्या कागदावर उतरला.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. रस्ते बंद, गाड्यांचे ताफे, सिव्हिल लाइन्समध्ये चालायची सोय नाही. आंबियाचा हंगामही त्याच सुमाराला. वर्षानुवर्षं आपण म्हणत आलो की डिसेंबरात नागपुरात मंत्री आणि संत्री एकदम येतात. त्यातल्या पहिल्याने दुसऱ्याला आपलं नाव दिलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता 'मंत्री-संत्री' या जोडीतला संत्री तर मुळात पहारेकरी, इंग्रजी सेंट्रीवरून आलेला. त्याचा फळाशी संबंध नाही. पण इथवर आल्यावर मलाच वेगळे करावेसे वाटत नाहीत.

प्रश्न : ऑरेंजला इंग्रजीत यमक नाही हे खरं का? (यवतमाळ)

रोजच्या वापरातलं चोख यमक नाही. ओढूनताणून 'डोअर हिंज' म्हणतात, म्हणजे दाराची बिजागरी. आपल्याकडे नारंगी-सारंगी, विषय संपला.

प्रश्न : नागपूरकर 'संत्रा' म्हणतात ते अशुद्ध आहे. मूळ मराठी शब्द संत्रं. आणि तो पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असं वाचलं, त्यावर प्रकाश टाकावा. (पुणे)

सिंत्राची समजूत जुनी आहे आणि ऐकायला छान आहे. लिस्बनजवळचं सिंत्रा, तिथली संत्री, पोर्तुगीज गोव्यात उतरले आणि शब्द आला. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्तानातल्या फळांची यादी दिलीय. त्यात नारंज वेगळं आणि संगतरा वेगळा, दोघांच्या सालीत आणि चवीत काय फरक आहे ते सगळं आहे. बाबर १५३०मध्ये वारला. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०मध्ये. वीस वर्षांत एक पोर्तुगीज गाव गोव्याहून आग्ऱ्यापर्यंत चालत जाऊन तिथल्या माळ्याच्या तोंडी देशी फळ म्हणून बसलं, हे मला काही पटत नाही.

पोर्तुगालने इतरांच्या तोंडी मात्र ठाण मांडलंय. गोड संत्री दूर देशांत पोचवण्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा हात, म्हणून ग्रीकमध्ये पोर्तोकाली, तुर्कीत पोर्ताकाल, अरबीत बुर्तुकाल. ज्या इराणने नारंग पुढे पाठवला, तिथेही गोड फळाला आता पोर्तेगाल म्हणतात आणि कडूला नारंज. आपण म्हणाल तर मोसंबी आहेच, मोझांबिकची.

राहिला संत्रा की संत्रं. पुस्तकात संत्रं, नपुंसकलिंगी, अनेकवचन संत्री. आमच्याकडे संत्रा, पुल्लिंगी, अनेकवचन संत्रे. बाबर संगतरा म्हणतो, हिंदीत संतरा म्हणतात, म्हणजे 'आ' आम्ही पदरचा लावलेला नाही. अशुद्ध म्हणायचंच असेल तर ज्याच्या शेतात फळ पिकतं त्याला म्हणू नये, एवढं माझं म्हणणं. फक्त एक सूचना. विदर्भात आलात आणि संध्याकाळी एखाद्या अनोळखी दुकानात नुसतं "संत्रा द्या" म्हणालात, तर तुमच्यापुढे त्याच नावाच्या देशी दारूची बाटली येऊ शकते. तिथे "संत्रं" म्हटलेलं बरं. दुकानदार ओळखेल की पाहुणे पुण्याचे आहेत आणि समोरच्या फळाच्या गाडीकडे बोट दाखवेल.